रिकामी ओ

१

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तसा तो रीतसर शिकलेला प्रोग्रॅमर होता, पण कित्येक वर्षांत त्याने स्वतःचं असं नवं काही लिहिलं नव्हतं. इतरांनी लिहिलेले तुकडे सांधून त्यांचा एक चालता प्रोग्रॅम करायचा आणि सांधा निखळला की कुठे निखळला ते शोधायचं, हे त्याचं काम. कंपनी पाण्याच्या मोठ्या पंपांवर बसणाऱ्या नियंत्रणाच्या पेट्या बनवायची. पेटीतला प्रोग्रॅम जुना होता, बऱ्याच हातांनी लिहिलेला आणि जागोजागी ठिगळं लावलेला. मिस्त्री त्याला पोसलेल्या म्हाताऱ्या जनावरासारखं सांभाळायचा.

घरी तो आणि त्याची मोठी बहीण. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. का राहिली, ते दोघांपैकी कोणालाच आता धड सांगता आलं नसतं. ताई कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे यायचे. त्यात प्लास्टर ओतून ती जबडा काढायची आणि त्यावर मेणात एकेक दात बसवायची. मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, घासायचं छोटं यंत्र होतं, आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले पांढरे जबडे. काम करताना ती गुणगुणायची. गाणं असं नसायचं, नुसता एक सूर, घासण्याच्या आवाजात मिसळून गेलेला. मिस्त्रीला त्या आवाजाने रोज जाग यायची.

"ठोंब्या, चहा गार होतोय," ती आतून ओरडायची.

त्या दिवशी तो कप घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "हे सगळे माझ्याकडे बघून हसतात," तो फळ्यांकडे बोट दाखवत म्हणाला.

"हसत नाहीत. त्यांना ओठ नाहीत, एवढंच." तिने यंत्र बंद केलं आणि मान वळवली. "तू आत्ता हाक मारलीस का मला?"

"नाही."

"मग राहू दे," असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

ऑफिसात पोहोचून त्याने नेहमीप्रमाणे बिल्ड लावलं, म्हणजे सगळे तुकडे सांधून प्रोग्रॅम बनवायला लावला. एकेक फाइल कंपाइल होत गेली, कुठेही अडली नाही. शेवटची पायरी लिंकरची. एका तुकड्याने दुसऱ्याला नावाने हाक मारलेली असते; लिंकर प्रत्येक हाकेला ओ देणारा शोधतो आणि दोघांची गाठ घालून देतो. ओ देणारा सापडला नाही, तर तो तिथेच थांबतो आणि कोणी कोणाला हाक मारली, ते सांगतो.

लिंकर थांबला होता. पडद्यावर एकच ओळ होती. वेग मोजणाऱ्या तुकड्याने एका फंक्शनला, म्हणजे नाव दिलेल्या एका छोट्या कामाला, हाक मारली होती आणि त्या नावाचं फंक्शन कुठेच नव्हतं.

रोमन अक्षरांत लिहिलेलं नाव होतं, भुंगी.

२

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं आणि मग हसला. लहानपणी सतत गुणगुणणाऱ्या ताईला आईने ठेवलेलं ते नाव. आईशिवाय ते कोणी घेत नसे. तो स्वतः धाकटा, त्यामुळे पहिल्यापासून ताईच म्हणायचा. आई जाऊन आता जमाना झाला होता, आणि आईबरोबर ते नावही गेलं होतं.

त्याने आधी कोणीतरी चेष्टा केली असेल असं धरलं. मग स्वतःवरच संशय घेतला, की कधीतरी दमलेल्या डोक्याने आपणच ते कुठे टंकलं असेल. साऱ्या फाइलींमधून नाव शोधलं. कुठेच नव्हतं. वेग मोजणारी फाइल उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्यात हाक नव्हती. पण त्याच फाइलीपासून कंपाइल झालेला तुकडा उघडून बघितला, तर आत नाव होतं आणि नावापुढे खूण होती: इथून बोलावलं आहे, राहतं दुसरीकडे.

"लिहिलेल्यात नाही आणि बनलेल्यात आहे, असं कसं होईल?" शेजारच्या टेबलावरचे आजोबा खुर्ची सरकवत आले. आजोबा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. अर्ध्याहून अधिक कोड त्यांच्या हातचा. "जुने तुकडे पडलेत कुठेतरी. सगळं पुसून नव्याने बनव."

मिस्त्रीने सगळं पुसलं आणि नव्याने बनवलं. तीच ओळ आली. स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरमधून काही उचलते आहे का ते तपासलं, उचलत नव्हती. लायब्रऱ्यांचा क्रम बदलून पाहिला. शेवटी वैतागून त्याने वेग मोजणारा तुकडाच बिल्डमधून बाहेर काढला. लिंकर पुन्हा थांबला. आता दाब मोजणारा तुकडा तीच हाक मारत होता. तोही काढला. मग दिवे लावणारा तुकडा मारू लागला.

"माझ्या मशीनवर करून बघू," आजोबा म्हणाले. तिथेही तेच. मग त्यांनी मागच्या महिन्यातला कोड काढला, जो गिऱ्हाइकाकडे जाऊन चालूही झाला होता. तो तेव्हा बिनतक्रार सांधला गेला होता. आज त्यातही भुंगीला हाक होती.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "हे नाव तुझ्या ओळखीचं आहे का रे?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. का कोण जाणे, त्याच्या तोंडून तसं गेलं.

दुपारभर तो त्या ओळीशी झुंजला. खोलीत पंख्याची घरघर होती, कोणी फोनवर बोलत होतं, कोणी डबा उघडत होतं. सगळं रोजचंच. तरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि ती त्याला आवडली नाही. तो ज्या ज्या तुकड्याला बाहेर काढत होता, त्याच्यानंतरचा, अधिक आतला तुकडा हाक मारत होता. हाक मारणारा एका दारातून हाकलला की पुढच्या दाराशी येऊन उभा राहत होता.

३

संध्याकाळी ताई दिवाणावर पाय लांबवून बसली होती. बोटांच्या पेरांना प्लास्टर वाळून चिकटलं होतं. मिस्त्रीने गंमत सांगावी तसं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

"कोणाला सांगितलं होतंस का हे नाव?" त्याने विचारलं.

"मी कशाला सांगू? मलासुद्धा कोणी आठवण करून दिली नसती, तर आठवलं नसतं." ती पेरांवरचं प्लास्टर खरवडत राहिली. "पण करून दिली."

"कोणी?"

"ते माहीत नाही. गेले काही दिवस दुपारी काम करत असले की हाक येते. भुंगी, म्हणून. आधी वाटलं, यंत्राच्या आवाजात भास होतोय. यंत्र बंद केलं तरी येते." तिने त्याच्याकडे पाहिलं. "घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही. या वयात कान वाजतात माणसाचे."

"आईसारखी आहे?"

"नाही, तेच तर." तिला शब्द सापडेना. "आईची हाक शेवटी खाली यायची बघ. भुंगीऽ, आणि मग थांबायची, आपण येणार हे तिला ठाऊकच असायचं. ही शेवटी वर जाते. विचारल्यासारखी. माझं नाव खरंच हेच आहे का, याची कोणीतरी खात्री करून घेतंय."

आतल्या खोलीत नळ ठिबकत होता. मिस्त्री उठून तो घट्ट करून आला.

"तू काय करतेस मग?"

"काय करणार? हातात मेण असतं. ओ देत नाही. थोड्या वेळाने जाते."

"देऊही नकोस," तो म्हणाला, आणि आपलं वाक्य ऐकून त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. शिकला-सवरलेला माणूस. ताईने उशी फेकून मारली.

"तू एवढा गंभीर होऊ नकोस रे. तुझं तोंड फळीवरच्यांसारखं दिसायला लागतं."

दोघं हसले. मग तिने दिवा लावला आणि जेवायला वाढलं, आणि तो विषय तिथेच राहिला. पुढे त्याला ती संध्याकाळ वारंवार आठवायची. तिच्याशी त्याचं ते शेवटचं धड बोलणं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. मॅडम विभागाच्या प्रमुख. माणूस सरळ, पण त्यांच्या मानेवर वरच्यांचा पाय होता. पेट्या गाडीत चढवायच्या होत्या आणि प्रोग्रॅम अडला होता.

"कोण बोलावतंय ते नंतर शोधा," त्या म्हणाल्या. "त्या नावाचं एक रिकामं फंक्शन टाका आणि मोकळे व्हा. हाक आली की आलं, काही केलं नाही, परत गेलं. कोणाचं काय बिघडणार आहे?"

यात वावगं काहीच नव्हतं. धंद्यात सगळे असं करतात. लिंकरला ओ देणारा हवा असतो. ओ देणाऱ्याच्या आत काही आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मिस्त्रीने शेकडो वेळा अशी रिकामी फंक्शनं लिहिली होती.

तरीही त्याचे हात कीबोर्डवर थांबले. मनात ताईने काल सांगितलेली हाक होती, शेवटी वर जाणारी. मग त्याने स्वतःला झापलं. एक दमलेली बाई, तिचे वाजणारे कान, आणि कोडमधली एक चूक. यांचा आपसांत काय संबंध? नाव जुळलं म्हणून? त्याने ओळ लिहिली. भुंगी. आत काही नाही. शून्य घेऊन परत.

लिंकरने बिनबोभाट काम केलं. आजोबांनी लांबूनच अंगठा दाखवला. कोणीतरी चहा मागवला.

चहाचा पहिला घोट घेऊन त्याने घरी फोन लावला. तसं काही कारण नव्हतं. फोन लगेच उचलला गेला.

"ओ," ताई म्हणाली.

"ताई, मी बोलतोय."

"ओ."

"काय करतेयस?"

पलीकडे यंत्र चालू होतं. नुसतं फिरत होतं. दातावर टेकलं की त्याचा सूर बदलतो, तसा बदलत नव्हता. आणि त्याच्या वर दुसरा कोणताही सूर नव्हता.

"ताई?"

"ओ," ती म्हणाली. ठसठशीत आणि तत्पर, बोलावलेल्या माणसाने द्यावी तशी. त्यापुढे काही नाही.

तो चहा तसाच टाकून घरी गेला. ती टेबलाशी बसली होती, पाठ ताठ. हातातलं यंत्र हवेत फिरत होतं. त्याने ते काढून घेतलं तेव्हा बोटं जशी होती तशीच वाकलेली राहिली. डोळे उघडे होते, स्वच्छ होते, आणि त्याच्यावर खिळलेले होते. पण अंधाऱ्या खोलीच्या काचेसमोर आपण उभे राहावं आणि आतून कोणी बघत नसावं, तसं त्याला वाटलं.

५

डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोकं, रक्त, हृदय. काही बिघाड नव्हता. "थकवा असेल, मनावर काही आघात झाला असेल," ते म्हणाले. "बोलत राहा त्यांच्याशी. कोणीतरी जवळ बसा."

जवळ बसायला शेजारच्या काकू येऊ लागल्या. काकू म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. उभं आयुष्य खाटांशेजारी गेलेलं, त्यामुळे त्यांना कशाची किळस नव्हती की भीती नव्हती. त्या दुपारभर दिवाणावर ताईच्या शेजारी बसून शब्दकोडी सोडवायच्या. घास हातात दिला तर ताई खायची. उभं केलं तर उभी राहायची.

"एक सांगू का?" काकू एकदा म्हणाल्या. "मी हाक मारली की ती ओ देते, ते ठीक. पण मी गप्प असतानाही देते. मध्येच. मी कोड्यात डोकं घातलेलं असतं आणि ही एकदम ओ म्हणते. कोणाला देते रे?"

मिस्त्रीला झोप लागेना. बुद्धी एक सांगत होती आणि भीती दुसरंच. शेवटी त्याने ते तपासायचं ठरवलं, कारण तपासणं एवढंच त्याला येत होतं. त्या रिकाम्या फंक्शनमध्ये त्याने एक निरुपद्रवी ओळ घातली: हाक आली की पेटीवरचा हिरवा दिवा क्षणभर लागावा. नवा प्रोग्रॅम चाचणीच्या पेटीत भरला. पेटी टेबलावर ठेवून त्याने काकूंना फोन केला आणि फोन ताईजवळ ठेवायला सांगितला.

दिवा बंद होता. फोनमधून काकूंच्या पेन्सिलीची खरखर येत होती.

दिवा लागला. "ओ," फोनमधून ताई म्हणाली.

योगायोग. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने दिवा लागला, आणि लगेच पुन्हा लागला. "ओ. ओ." मग मोठी शांतता, आणि पुन्हा एकदा. यंत्राने मोजून मारलेल्या त्या हाका नव्हत्या. त्यात रेंगाळणं होतं. एक हाक मारून, ओ ऐकून, थोडं थांबून, चवीने पुन्हा मारलेली हाक.

त्याने पेटीची वायर उपटली. दिवा मेला. फोनमधून ओ येतच राहिली.

६

मग त्याने ते फंक्शनच काढून टाकलं.

हे त्याला आधीच सुचायला हवं होतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली. काढलं की लिंकर पूर्वीसारखा ओरडेल. ओरडू दे. हाक अनुत्तरित राहील आणि ताई ताईच्या जागी येईल. त्याने बिल्ड लावलं. लिंकर थांबला. भुंगी सापडत नाही. ती ओळ पाहून त्याला जवळपास रडू आलं, इतका आनंद झाला.

त्याने घरी फोन लावला. काकूंनी उचलला तेव्हा त्या धापा टाकत होत्या.

"बरं झालं तू केलास. ताई कुठे आहे?"

"म्हणजे?"

"अरे, घरात नाहीये. मी इथेच होते, तिच्या शेजारी. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. कोड्यातून मान वर केली तर शेजारी कोणी नाही. दार आतून बंद आहे. चपला दारात आहेत. मागची खोली बघितली, मोरी बघितली, माळासुद्धा बघितला रे."

"नीट बघा, काकू."

"किती नीट बघू? दिवाण अजून गरम आहे."

पडद्यावर ती ओळ तशीच होती. सापडत नाही. मिस्त्रीने फोन कानाला धरूनच एका हाताने फंक्शन परत लिहिलं. घाईत नाव दोनदा चुकलं. बिल्ड लावलं. फाइली एकेक सरकत गेल्या. लिंकरने बिनतक्रार सांधून दिलं.

फोनमध्ये काकू एकदम गप्प झाल्या.

"काकू?"

"अरे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही तर इथेच बसलीय की." मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "माझंच चुकलं असेल. वय झालं माझं. नजर जाते कुठे कुठे."

मागून ताईची ओ ऐकू आली.

आजोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. किती वेळ उभे होते ते त्याला कळलं नव्हतं. "मिस्त्री, घरी जा," ते म्हणाले. "रडतोयस तू."

७

रिकामी ठेवायची, नाहीतर नाहीशी करायची. तिसरी वाट एकच होती. आत काहीतरी लिहायचं.

तो लिहायला बसला. ताई कशी लिहितात? तो तिच्या हातचं इतकी वर्षं जेवला होता, तिच्याशी भांडला होता, तिच्या ओरडण्याने रोज उठला होता. पण ती सकाळी खिडकीतून काय बघायची, लग्न राहिलं याचं तिला वाईट वाटायचं का, अनोळखी माणसांचे दात घडवताना तिच्या मनात काय यायचं, यातलं त्याला काहीएक ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. दोन दिवस तो तसा बसला आणि त्याला एक ओळ सुचली नाही.

शेवटी जी लिहिली ती ताईबद्दलची नव्हती. हाक आली की हाक मारणाऱ्याला उलट विचारायचं, एवढंच. एक शब्द. कोण?

प्रोग्रॅम सांधला गेला. तो तडक घरी आला. ऊन अजून खिडकीत होतं. काकू दिवाणाच्या एका टोकाला बसून कोडं सोडवत होत्या आणि ताई मधोमध, हात मांडीवर ठेवून.

"तुम्ही जा, काकू. मी आहे आता," तो म्हणाला. त्या गेल्यावर तो समोर स्टूल ओढून बसला.

रस्त्यावरून एक सायकल गेली. वरच्या मजल्यावर कोणी बादली सरकवली. बराच वेळ काही झालं नाही.

"ओ," ताई म्हणाली. आणि मग, कितीतरी दिवसांनी दुसरा शब्द तिच्या तोंडून आला. "कोण?"

खोलीत आवाज नव्हता. पण ताई ऐकत होती. तिची मान किंचित कलली, भुवई हलली. समोरचं माणूस हळू आवाजात बोलत असलं की आपण जसं ऐकतो तसं. चेहऱ्यावर काहीतरी परत येत होतं. तो स्टुलावरून पुढे सरकला. "ताई," तो म्हणाला, "ताई, कोण आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होती.

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "हं." मग अगदी आपल्या पूर्वीच्या आवाजात, पाहुण्याला म्हणावं तसं, "बरं."

आणि ती सरकली. दिवाणाच्या मध्यावरून उठून कडेला, भिंतीला खेटून बसली. साडीचा पदर आवरून घेतला. कोणी आलं की जागा करून देतात तशी तिने जागा करून दिली.

मिस्त्री मागे वळला नाही. वळायचं त्याने मनात आणलं, पण मान वळेना. त्याच्या मानेवरून हवा हलली, एवढं त्याला कळलं. त्याची नजर दिवाणावर होती, ताईच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर, जिथे ऊन पडलं होतं आणि चादर सपाट होती.

मग चादरीला चुणी पडली. गादी हळूहळू दबत गेली, आणि दिवाण कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच त्याने ती ओळ पुसली. फंक्शन पुन्हा रिकामं झालं, आणि ताईचं विचारणं थांबलं. पण ती भिंतीला खेटूनच बसून राहिली. त्याने तिला उठवून मध्ये बसवलं. ती पुन्हा कडेला सरकली. मॅडमनी त्याला लांबलचक सुट्टी दिली आणि त्याने ती घेतली नाही. ते फंक्शन कोणी काढू नये म्हणून त्याला तिथे रोज जाणं भाग होतं.

ओळ पुसली त्याच दुपारी काकू नेहमीच्या वेळी आल्या. पेन्सिल कानावर आणि कोड्यांचं पुस्तक काखेत होतं. खोलीच्या उंबऱ्याशी त्या थबकल्या. दिवाणाकडे बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चपला पायात सरकवून त्यांनी मिस्त्रीला ऑफिसात फोन केला. आवाज नेहमीचाच होता, जरासा अवघडलेला.

"मी आज नाही बसत रे," त्या म्हणाल्या. "उद्यापासूनही नको. बसायला जागा कुठे आहे तिथे?"